डावीकडचे दोन माग

माझ्या काकाचे कान असे होते की दहा कोसांवरच्या बेटम्याला कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलं, तर त्याने इंदूरच्या कापडमिलमध्ये बसून सुई ओवली असती. यात मी फार वाढवलेलं नाही. तिथे शेकडो माग एकदम धडधडायचे, आपला शब्द आपल्यालाच ऐकू यायचा नाही, आणि काका खुशाल डुलक्या काढायचा. त्याच्या चार मागांपैकी एकाचा धागा तुटला, की डोळे उघडायच्या आधी हात तिथे पोचलेला असायचा. शेजारच्याचा माग पेटला असता तरी झोप मोडली नसती. म्हणायचा, डोक्यात चौकीदार ठेवलाय, तो आपल्याच दाराची कडी ऐकतो.

मिल बंद पडली, भोंगा थांबला, आणि वर्षभरात काकाला लकवा मारून गेला. हातपाय परत आले, जीभ तर कधी गेलीच नव्हती, पण दुनियेची डावी बाजू गेली. दाढी उजव्या गालाची करायचा आणि आरशात बघून खूश व्हायचा. डॉक्टर काकूला म्हणाले, "डोळे एकदम नॉर्मल आहेत, बाई. ब्रेन डावीकडे लक्षच देत नाहीये. आणि देत नाहीये, हे त्यांना माहीत नाही."

काकाला विचारलं तर तो म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?"

मी तेव्हा पंचविशीचा, बेकार, काकाच्याच खोलीत पडलेला. या आजारातला फायदा सगळ्यात आधी मला दिसला. काका ताटातलं उजवीकडचं खाऊन उठायचा, म्हणून काकू मध्येच ताट अर्धं फिरवायची. ती फिरवायच्या आत मी डावीकडची जिलबी उचलायचो. एकदा तर मित्रांना बोलावून खेळच लावला. काकाच्या डाव्या हाताला बसून त्याच्या प्लेटमधले पोहे मी शेव आणि वरच्या जिरावण मसाल्यासकट संपवले, आणि तो समोरच्यांना समजावत होता की आजकालच्या मुलांचं कशात लक्ष म्हणून नसतं.

"क्यों भिया, कधी उजवीकडे पण बस ना," एक मित्र म्हणाला.

"तिकडे घरमालक राहतो," मी म्हणालो.

काकाही हसला. विनोद कळला नव्हता, पण हसण्यात मागे राहणं त्याला पसंत नव्हतं.

मग मिलची खोली रिकामी करायचा कागद आला. काकाला कुठे नोकरी लागली तर इंदूर, नाही तर बेटम्याला काकूच्या भावाच्या गोठ्याशेजारची खोली. तिथे वहिनी पाणीसुद्धा मोजून देते, असं काकू म्हणायची. त्याच दिवसांत शहराबाहेर एका शेटजींनी बंद मिलचेच माग भंगारात उचलून शेड टाकली. काकाचं नाव जुन्या लोकांनी सुचवलं, शेटजींनी तासभर चालवून दाखवायला बोलावलं. काकूने मला बरोबर धाडलं.

"यांच्या डावीकडे उभा राहा," ती म्हणाली. "मधूनमधून खांद्याला हात लाव. तेवढ्याने वळतात ते. बाकी काही करू नकोस."

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. शेड मी आदल्या दिवशीच बघून आलो होतो. मिलमध्ये चार मागांपैकी दोन समोर असायचे, दोन पाठीमागे. उजवीकडून गर्रकन फिरलं की चारही नजरेखालून जायचे. इथे चारही एका रांगेत होते. दोन उजवीकडे, दोन डावीकडे.

"चाचा, ये चार आपके," शेडवर देखरेख करणारा मास्टर म्हणाला.

माग सुरू झाले आणि काका पंधरा वर्षांनी तरुण झाला. उजवीकडच्या मागाचा धागा तुटला तेव्हा तो मास्टरशी बोलत होता. मान न वळवता त्याने गाठ मारली. मास्टरने असा आ वासला की मागातला धोटा आत गेला असता. तेवढ्यात डावीकडच्या टोकाचा माग धागा तुटून थांबला. काकाचा हात हवेत अडकला. काहीतरी कमी झालंय, हे त्याला कळलं. चौकीदार जागा होता. काकाने उजवीकडचा पहिला माग तपासला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. त्याचा खांदा माझ्यापासून वीतभर लांब होता. मी हात खिशात घातले.

डावीकडचा दुसराही थांबला. काका उजवीकडेच शोधत राहिला, कपाळ घामाने भिजलं, मग घाम पुसून मास्टरकडे बघून हसला.

मास्टर मला म्हणाला, "तुम्हें आता है?"

मला येत होतं. काकानेच शिकवलं होतं.

घरी काका काकूला म्हणाला, "चारही पळवले. पण शेटला तरुण माणूस पाहिजे होता, याला घेतलं."

"आणि हा कुठे उभा होता?" काकूने माझ्याकडे बघत विचारलं.

"कोण जाणे. मला तर दिसलाच नाही."

शेडजवळ मला एक खाट मावेल एवढी खोली मिळाली. आठवड्याने दोघांची ट्रंक बेटम्याच्या बसवर मीच चढवली. काका डावीकडच्या खिडकीत बसला होता. मी खाली उभा राहून हात हलवला. काका समोर बघत होता. त्याच्याशेजारी काकू होती. तिला डावीकडचं सगळं दिसायचं. तीही समोरच बघत राहिली.