आरशाची सवय

बसची पायरी आईच्या गुडघ्यांना झेपेना आणि नवी गाडी आम्हाला. म्हणून एका वयस्कर काकांची जुनी गाडी घेतली. पहिलेच मालक. ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन ऐकलं, वाकून खालचा गंज पाहिला आणि म्हणाला, "डोळे मिटून घ्या, साहेब."

एकच खोड निघाली. आतला आरसा मागचा रस्ता दाखवत नाही. मी तो नीट करतो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला तो हळूच झुकून मागच्या डाव्या सीटकडे बघू लागतो. मेकॅनिकने स्क्रू आवळून दिला, तरी तेच.

वस्तूंनाही वळण लागतं. चपलेत पायाचा ठसा उरतो, पाट्याला खळगा पडतो. तसंच काका वर्षानुवर्षं त्या सीटवरच्या कुणाकडे तरी बघत आले असणार. मला उगाच माया वाटली. कागदोपत्री गाडी माझ्या नावावर झाली, पण ती नजर कुणाच्या नावावर करायची?

परवा काकांना फोनवर सहज विचारलं, "मागे नातवंडं बसायची का हो?"

"छे, मागे कुणीच नाही. आम्ही दोघंच, पुढे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आज आईला दवाखान्यात न्यायचं होतं. ती डाव्या दाराने आत शिरली आणि दुखरे गुडघे ओढत पार उजव्या दाराला खेटून बसली.

"अगं, ऐसपैस बस की. सगळी सीट मोकळी आहे."

"असू दे रे. मला एवढी जागा पुरे."

आरशाबद्दल मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.