ग्लोरिबेल मॅमचा वर्ग आणि माझा लाल कोंबडा

आमच्या बेलसारखी इंग्रजीची मास्तरीण अख्ख्या बोहोल बेटावर नाही. मी तिचा मोठा भाऊ आहे म्हणून सांगत नाही. खोटं वाटत असेल त्याने यावं आणि वर्गाच्या खिडकीशी उभं राहावं. सवारी नसली की मी तिथेच असतो.

शाळेत ती ग्लोरिबेल मॅम. घरी इंदाय बेल, म्हणजे धाकटी लाडकी बेल, आणि मी तिचा मानोय तितो, म्हणजे तितोदादा. बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होतो. शाळा सोडली, आधी मासळी वाहिली, मग मोटारसायकलवर माणसं. बेलची शाळा मात्र सुटू दिली नाही. पार ताग्बिलारानच्या कॉलेजपर्यंत मीच मागे बसवून नेलं. शिकली ती, पोचवलं मी. दोन्ही कामं अवघडच, पण आमच्या रस्त्यावरचे खड्डे बघितले तर माझं जरा जास्तच.

तिची शिकवायची पद्धत न्यारी आहे. आमच्या पोरांना इंग्रजीत एकच विशेषण यायचं, ब्युटिफुल. मासा ब्युटिफुल, मामी ब्युटिफुल, वादळसुद्धा ब्युटिफुल. बेलने त्या शब्दावर बंदी घातली. टेबलावर एक वस्तू ठेवायची, व्हिनेगरची बाटली नाहीतर तुटकी चप्पल, आणि म्हणायचं, आधी बघा, मग बोला. एकाने लिहिलं समुद्र निळा आहे. तिने अख्खा वर्ग सकाळी किनाऱ्यावर नेला. समुद्र राखेसारखा होता. त्या पोराला म्हणाली, निळा कुठेय, दाखव मला.

इंग्रजीत दोन-तीन विशेषणं एकापुढे एक आली की त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी आकार, मग वय, मग रंग. पोरांच्या डोक्यात ते शिरेना. मी म्हटलं, इंदाय, मोटारसायकलवर माल लावतो तसं सांग. तांदळाचं पोतं आधी, अंडी सगळ्यात शेवटी, उलटं केलंस की रस्त्यातच आम्लेट. तिने तसंच सांगितलं, आणि पोरं आजतागायत विसरली नाहीत. ही युक्ती माझी, हे लक्षात असू द्या.

पण एवढी हुशार मुलगी, तिला कायमची जागा नव्हती. कुणी बाई बाळंतपणाला गेली की बेल तिच्या जागी, बाई परत आली की बेल घरी. मग यंदा आमच्याच गावच्या शाळेत एक जागा निघाली. तीन जणांच्या समितीपुढे एक धडा शिकवून दाखवायचा आणि पास व्हायचं. नाही झाली तर सेबूला जायचं, परदेशी कंपनीचे फोन उचलायला. तिच्या मैत्रिणीने तिकडे खोलीसुद्धा बघून ठेवली होती. आई तर बेलचे कपडे घड्या करून एका बाजूला ठेवायला लागली होती.

बेलने धडा निवडला विशेषणांचा. टेबलावर या वेळी जिवंत काहीतरी हवं म्हणाली. मी म्हटलं, हेनेरलला घेऊन जा.

हेनेरल म्हणजे माझा झुंजीचा कोंबडा. पिल्लू होता तेव्हापासून वाढवलेला. सकाळी त्याला उकडलेलं अंडं आणि कोमट भात दिल्याशिवाय मी कॉफी घेत नसे. येत्या रविवारी गावच्या फिएस्टात, म्हणजे जत्रेत, तो पहिल्यांदा उतरणार होता.

आता आमच्याकडे जिवंत गोष्टीचं कौतुक केलं की लगेच 'बुयाग' म्हणायचं असतं. बाळ गुटगुटीत आहे, बुयाग. डुक्कर चांगलं माजलंय, बुयाग. नाही म्हटलं तर दृष्ट लागते, आजारपण येतं. आणि झुंजीच्या कोंबड्याचं तर झुंजीआधी मालकही कौतुक करत नाही. मी माझ्या मोटारसायकलबद्दल बोलतो, माझ्या गळ्याबद्दल बोलतो, बहिणीबद्दल तर बोलतोच. हेनेरलबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

आदल्या दिवशी बेलने पोरांना बजावलं की समितीसमोर तोंडातून आमच्या विसाया भाषेतला एकही शब्द यायला नको, सगळं इंग्रजीत. पोरांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी समिती आली. दोन साहेब आणि मुख्य बाई मिसेस दुमापियास. मागच्या बाकावर बसले. हेनेरल टेबलावर, पायाला दोरी, पिसं नुसती तेलासारखी चमकत होती. बेलने इंग्रजीत विचारलं, हा कोंबडा कसा आहे?

वर्गात सगळ्यात हुशार जेसेल उठली. तिने कोंबड्याकडे बघितलं, खिडकीत माझ्याकडे बघितलं आणि अगदी स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "हा कोंबडा लहान आहे."

दुसरा म्हणाला, आजारी आहे. तिसरा म्हणाला, म्हातारा आहे. मग एक-एक उठत गेलं. कुरूप आहे, अशक्त आहे, पाय वाकडे आहेत. दोन्ही साहेब खाली मान घालून भराभर लिहायला लागले. बेलच्या हातातला खडू तसाच राहिला.

मला लगेच कळलं. बुयाग म्हणायला बंदी, मग खरं कसं बोलणार? रविवारी मानोय तितोची झुंज आहे. बिचारी पोरं माझा कोंबडा वाचवत होती, आणि त्यात माझी बहीण बुडत होती.

मी खिडकीतून म्हटलं, "मॅम, मालकाला बोलू द्या."

बेल दातओठ खात म्हणाली, "मानोय, तू गप्प बस."

मी कसला गप्प बसतोय. होतं नव्हतं ते इंग्रजी गोळा केलं आणि मोठ्याने सांगितलं, "माझा कोंबडा मोठा आहे. ताकदवान आहे. देखणा आहे." आणि पुढे काहीच म्हटलं नाही.

जेसेल हळूच विसायात म्हणाली, "मानोय, बुयाग म्हणा ना."

"नाही म्हणत. कोंबडा माझा, दृष्टही माझी. आता खरं बोला."

मग काय, धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. तुरा जाड आहे, डोळे पिवळे आहेत, नख्या अणकुचीदार आहेत. बेलला सूर सापडला. फळ्यावर शब्द लिहीत गेली, कुठला आधी आणि कुठला नंतर ते पोरांकडूनच वदवून घेतलं. शेवटी जेसेलने एका दमात सांगितलं, मोठा तरणा लाल कोंबडा. पोतं खाली, अंडी वर, एकही फुटलं नाही.

धडा संपल्यावर मिसेस दुमापियासनी बेलला विचारलं की विसाया शब्द नको असं मुलांना कुणी सांगितलं. बेल म्हणाली, मीच. बाई मूळच्या आमच्याच बेटावरच्या, त्यांना जेसेल बोलली तेव्हाच कळलं होतं. आता ही मास्तरीण काय करते ते बघत बसल्या होत्या.

"पुढच्या वेळी बुयाग म्हणू द्या," बाई म्हणाल्या. "बाकी मुलं तयार आहेत. इतकी नेमकी उलटी विशेषणं सांगायला आधी सुलटी यावी लागतात."

शुक्रवारी निरोप आला. जागा बेलची. आईने घड्या केलेले कपडे पुन्हा कपाटात लावले आणि मग बसून रडली.

रविवारी मी हेनेरलला उतरवला नाही. माझा दोस्त बदोंग म्हणाला, तितो, अख्ख्या चौथीच्या वर्गाने दृष्ट लावलेल्या कोंबड्यावर पैज कोण लावणार, तुझी सासू? मी दोरी सोडली आणि त्याला कोंबड्यांत मोकळा सोडला. त्याने काही तक्रार केली नाही.

इतकी वर्षं फिएस्टाच्या दुपारी मी झुंजीच्या मैदानात असायचो. या वेळी घरी पाहुण्यांत बसलो. भाजलेलं डुक्कर नुकतंच काठीवरून उतरवलं होतं. बेलने पाठीवरची कुरकुरीत कातडी काढून आधी माझ्या ताटात वाढली.

"मानोय, वाईट वाटतंय का?"

"कसलं वाईट?" मी म्हटलं. "दरवर्षी मी येईपर्यंत हाडं उरलेली असतात. ही एवढी गरम कातडी मी आज पहिल्यांदा खातोय."

ती हसली आणि अजून एक तुकडा वाढला. समोर माझे सासरे बसले होते, त्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.