दादांच्या गालाचं मलम

दसऱ्याचा झेंडू विकून झाला आणि त्याच आठवड्यात दादांचं तोंड वाकडं झालं. दादा म्हणजे माझे वडील. मखमलाबादच्या पुढे आमचं भाजीचं आणि फुलांचं शेत होतं. दादा रोज पहाटे मोपेडला फुलांची पोती बांधून पंचवटीत बाजाराला जायचे. त्या दिवशी मोरीत चूळ भरताना तोंडातलं पाणी उजव्या बाजूनं आपोआप गळालं. त्यांनी पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा तेच. मग खिशातला छोटा आरसा काढून बघितलं आणि आईला हाक मारली.

आई आली, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तिथंच भिंतीला टेकली. "वारं गेलं," एवढंच म्हणाली. आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. ते तेव्हापासून खाटेवरच होते. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तीच खाट आली.

काकांनी रिक्षा आणली. मीही सोबत गेले. डॉक्टरांनी दादांना हात वर करायला लावले, पाय उचलायला लावले, समोर धरलेली आपली बोटं दोन्ही हातांनी घट्ट आवळायला सांगितली. मग म्हणाले, "डोळे मिटा." डावा मिटला. उजव्याचं बुबुळ वर गेलं आणि खालचा पांढरा भाग तसाच उघडा राहिला. मी डॉक्टरांकडे बघितलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही.

"हा अर्धांगवायू नाही," ते म्हणाले. "हातापायांत ताकद आहे. चेहऱ्याची एक नस सुजलीय. पुष्कळदा होतं असं, आणि बहुतेकांचं बरंही होतं. थोडा धीर धरावा लागेल."

आईनं विचारलं, "म्हणजे हे चालतील ना हो?"

"चालतच तर आले ना आत्ता?"

दवाखान्याच्या पायरीवर आई खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. दादा शेजारी उभे राहून म्हणत होते, "अगं, काय नाय झालं म्हनले ना डॉक्टर?" 'प' आणि 'ब' म्हणताना त्यांच्या ओठांतून हवा निसटायची, म्हणून ती अक्षरं नसलेलं तेवढंच वाक्य त्यांना नीट बोलता येत होतं.

गोळ्या होत्या, डोळ्यात घालायचे थेंब होते, झोपताना डोळा चिकटपट्टीनं बंद करायचा होता. शिवाय गालाला रोज हलक्या हातानं मालिश करायचं होतं, हनुवटीकडून कानाकडे. ते दाखवताना डॉक्टरांनी आईकडे बघितलं, आणि आईनं माझ्याकडे.

त्याचं कारण असं की मी त्या वर्षी पार्लरचा कोर्स करत होते. बारावीनंतर मला तेच शिकायचं होतं. पंचवटीत एका बाईंच्या घरी वरच्या खोलीत आम्ही पाचसहाजणी शिकायचो. दादांनी फी भरली होती, पण मनापासून नाही. "लोकांची तोंडं पुसायची, हा काय धंदा झाला?" असं त्यांचं जेवताना एकदोनदा म्हणून झालं होतं. आता त्यांचंच तोंड माझ्या हातात यायचं होतं, आणि ते त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

ते घराबाहेर पडेनासे झाले. बाजाराला काका जायला लागले. दादा खांद्यावरचा पंचा तोंडाला गुंडाळून शेवंतीत निंदत बसायचे. बांधावरून कुणी हाक मारली तर मान खाली घालूनच हात वर करायचे. चहा बशीत ओतून, भिंतीकडे तोंड करून प्यायचे. दाढी करणंही सोडलं, कारण गाल सैल पडला होता. रेझर लावला की कातडी पुढं सरकायची आणि कापायचं. न्हाव्याकडे जायचं तर चार माणसं बघणार. पंधरवड्यात दाढी एवढी वाढली की मालिश करताना केस ओढले जायचे आणि ते माझा हात बाजूला करायचे.

"राहू दे. व्हायचं तं होईल."

आमच्या बाईंकडची क्रीम मी आणून बघितली. दादांनी हुंगली आणि डबी परत केली. "बायकांचा वास येतो. दिवसभर फुलांत असतो मी, घरी बी तेच?"

मग मी ठरवलं की आपणच बनवायचं, वास नसलेलं. रविवार कारंज्याजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून मधाचं मेण आणलं. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून त्यात तिळाचं तेल आणि मेण विरघळवलं. पहिल्यांदा झालं ते बुटाच्या पॉलिशसारखं घट्ट, नखानं उकरावं लागलं. दुसऱ्यांदा तेल वाढवलं आणि बरं वाटावं म्हणून कापूर घातला. आई चुलीजवळून म्हणाली, "मिटत नाही तो डोळा, आणि तू तिथं कापूर लावतेस होय गं?" ती वाटी आईनं स्वतःच्या गुडघ्यांना लावायला ठेवून घेतली. तिसऱ्यांदा नुसतं तेल आणि मेण, तेलाचं माप आणखी थोडं जास्त. तळहातावर घेतलं की लोण्यासारखं पसरत होतं. काचेची बाटली बायकी वाटेल म्हणून मी ते स्टीलच्या डबीत भरलं.

पाडव्याच्या दिवशी दादांना ओवाळलं. त्यांनी ताटात नोट ठेवली, आणि मी ती डबी त्यांच्या हातात दिली.

"हे काय? पाडव्याला पोरीला द्यायचं असतं. पोरीकडून घ्यायचं नसतं."

"औषध समजून घ्या."

त्यांनी झाकण उघडलं, नाकाला लावलं, पुन्हा हुंगलं. "वास नाय कशाचाच," म्हणाले. तोंडाची डावी बाजू हसली. उजवी तशीच. पण दसऱ्यानंतर मी त्यांना प्रथमच हसताना बघत होते.

"पण आधी दाढी करावी लागेल," मी म्हणाले.

अंगणात उन्हाला खुर्ची टाकली. आईनं गरम पाणी दिलं. दादांनी ब्रशनं फेस केला, आणि मी दोन बोटांनी त्यांचा गाल कानाकडे ताणून धरला. रेझर त्यांनीच फिरवला. मी इतक्या जवळून त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. जबड्याखाली एक जुना व्रण होता, तो कशाचा ते मी विचारलं. लहानपणी बैलानं मारलं होतं, म्हणाले. मग तुरटी फिरवली, गाल टिपला आणि डबीतलं मलम घेऊन मी मालिश केलं. त्यांनी हात बाजूला केला नाही. डोकं मागे टेकवून बसून राहिले.

तेव्हापासून एक दिवसाआड आमचं तेच चाललं. मी गाल ताणायची, ते दाढी करायचे. मालिश झालं की आरशासमोर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम: भुवया उचला, नाक फेंदारा, गाल फुगवा. गाल फुगवला की हवा फस्सकन बाहेर यायची आणि ते चिडायचे. "कोर्समध्ये शिकवतात का हे?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, मालिश शिकवतात, फस्स शिकवत नाहीत. आई आतून हसली.

तुळशीचं लग्न लागून गेलं होतं. मी नेहमीसारखी खुर्चीशेजारी उभी राहिले आणि गालाला बोटं लावली.

"सोड," दादा म्हणाले.

"का? दुखलं?"

"सोड म्हनतो ना."

मी हात काढला. त्यांनी ओठ मिटले आणि उजवा गाल फुगवला. पूर्ण नाही, लिंबाएवढा. पण फुगला, आणि फुगलेलाच राहिला. त्यांनी त्याच्यावरून सावकाश रेझर फिरवला. फेसाखाली कातडी ताठ होती. खालून वर एक पट्टा, त्याच्या शेजारी दुसरा. मग त्यांनी हवा सोडली आणि रेझर पाण्यात बुडवला.

आई परातीत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले होते.

"अहो, डोळा मिटा बरं," ती म्हणाली.

त्यांनी मिटला. पापणीची एक बारीक फट उरली, तीही पुढच्या काही दिवसांत गेली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि नस आपोआप सुधारली. मालिशनं गाल आखडला नाही, एवढंच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ते बरे झाले होते, कशानं का होईना. आमच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, तू पुरुषाच्या चेहऱ्यावर हात बसवलास, आता बायकांचं तुला सोपं जाईल. पुढे मी स्वतःचं पार्लर काढलं, त्याच्या पाटीला खिळे दादांनी ठोकले.

त्या दिवशी डॉक्टरांकडून आल्यावर दादांनी काकांना निरोप पाठवला, उद्या मी जातो म्हणून. पहाटे उठून शेवंतीची पोती बांधली, कानाला मफलर घट्ट गुंडाळला आणि निघाले. आई दारापर्यंत गेली. गाडीचा आवाज गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत ती उभी होती. मग आत आली आणि अंथरुणावर आडवी झाली. आमची आई पहाटे एकदा उठली की रात्रीपर्यंत पुन्हा कधी पाठ टेकायची नाही. त्या दिवशी उन्हं उंबऱ्यावर आली तरी ती झोपलेलीच होती. मी आवाज न करता दूध तापवलं, अंगण झाडलं आणि तिला उठवलं नाही.