‘सोडलं काय’ सर

नवी वस्तू घेतली की आमच्या शाळेतला माणूस सरांची वाट चुकवून जायचा. शिपायाने हौसेने घड्याळ घेतलं आणि मनगट पुढे केलं, तर सरांनी वाजले किती तेही पाहिलं नाही. म्हणाले, “छान हाय. मंग याच्यापायी सोडलं काय?” शिपाई एकेक सांगत बायकोच्या राहिलेल्या लुगड्यापर्यंत आला आणि त्याने मनगट मागे घेतलं. आम्हाला वाणिज्य शिकवणाऱ्या या सरांचं मस्टरवर रीतसर नाव होतं, पण आमच्या जरीपटका वस्तीत ते ‘सोडलं काय’ सर होते.

पुस्तकातल्या व्याख्या ते झटपट उरकत आणि रविवारी आम्हाला बाजारात नेत. तिथे एकच वस्तू घ्यायची आणि सोमवारी वर्गात न घेतलेल्या वस्तूबद्दल बोलायचं. एका खादाड मुलाने समोसा खाऊन कचोरीवर असं भाषण ठोकलं की सरांनी पदरचे पैसे देऊन त्याला कचोरी खायला लावली आणि मग समोशावर बोलायला उभं केलं. “घेतलेलं सगळ्यायले दिसते गा,” ते म्हणत, “सोडलेलं कोणाले दिसत नाही.”

सल्ला मात्र ते कधी देत नसत. फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला किंमत नसते, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तरांनी संमेलनाच्या मांडवाबद्दल मत विचारलं, तेव्हाही सरांनी उलटा प्रश्नच टाकला. पुढच्या बैठकीला त्यांना बोलावणं आलं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही.

माझे बाबा सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत. दादा एका वर्गात नापास होऊन राहिल्यामुळे आम्ही दोघं एकदमच मॅट्रिक झालो. कॉलेजचा खर्च एकाचाच झेपणार होता आणि तो एक म्हणजे दादा, हे घरात न बोलता ठरलेलं. मार्क माझे जास्त होते. मी सरांकडे गेले आणि बाबांना समजवा म्हणून रडले. समजावणं हे आपलं काम नाही, असं ते म्हणाले. पण संध्याकाळी घरी आले.

बाबांनी सगळा बेत सांगितला. मुलगा कॉमर्स करील, बँकेत चिकटेल, घर वर येईल. सर मान डोलावत चहा पीत होते आणि माझ्या अंगाची आग होत होती. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “मंग सोडलं काय, भाऊ?” बाबांनी दुकानाचं पत्र्याचं छप्पर सांगितलं, आईच्या पाटल्या सांगितल्या. सर उठले नाहीत. शेवटी बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, “हिचं शिक्षण.” मी दारातच उभी होते. सरांनी चपला घातल्या आणि निघून गेले. त्या रात्री मला त्यांचा मनापासून राग आला.

बाबा जेवले नाहीत. सकाळी धुतलेला सदरा घालताना आईला म्हणाले, “मनात होतं तवर काही वाटलं नाही वं. तोंडानं बोललो, अन् पोरगी समोर उभी.” मग ते माझ्या प्रवेशासाठी कॉलेजात गेले. दादाने खापरखेड्याच्या वीजकेंद्रात शिकाऊ म्हणून जायचं ठरलं.

मी पेढे घेऊन सरांकडे धावले. वाटलं, आता तरी शाबासकी देतील. त्यांनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही.

“तुह्या दादाले देल्ला काय?”

दिला नव्हता. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. पुडा तसाच घेऊन मी दुकानात गेले. दादा ट्यूबचं पंक्चर काढत होता. हात काळे होते, म्हणून त्याने नुसतं तोंड उघडलं. पेढा खाऊन म्हणाला, “चांगली शिक वं,” आणि ट्यूब पुन्हा पाण्यात धरली.

सर वारले तेव्हा मी त्यांचाच विषय शिकवत होते. मुलांना बाजारात नेते, प्रश्नही तोच विचारते. दादा आता निवृत्त होऊन आमच्याच गल्लीत राहतो, रोज संध्याकाळी चहाला येतो. त्याला मात्र मी तो प्रश्न अजून विचारलेला नाही.