वरच्या खोलीतला रिसीव्हर

रिसीव्हर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या आळीत त्या वेळी ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि मलाही खोक्यातली पुस्तिका दोनदा वाचल्यावरच नीट उमगले. दिसायला तो जुन्या व्हीसीआरसारखा काळा, चपटा डबा. त्याला दोन स्पीकर जोडता येतात आणि त्यावर रेडिओ लागतो. एवढे कोणताही स्टिरिओ करतो. याचे वेगळेपण पाठीमागे, टेलिफोनच्या खाचेहून जरा रुंद अशा एका खाचेत होते. तिथे केबल लावली की घरातल्या संगणकात साठवलेला आवाज हा डबा स्वतः शोधून आणतो आणि वाजवतो. त्याच्या जातीतला हा सर्वांत साधा, परवडणारा नमुना होता. मी तो गाण्यांसाठी घेतला नव्हता. माझ्या पत्नीची वाचा गेली होती, आणि ती परत आणण्याचे जेवढे मार्ग मला सुचले त्यांतला हा शेवटचा होता.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तिला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले. पाय हळूहळू हलू लागला. बोलणे मात्र एकदम थांबले ते थांबलेच. आम्ही दोघेही शिक्षक. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे, ती नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत होती. तीस वर्षे ज्या बाईने वर्गात बोलण्यावाचून दुसरे काही केले नाही, ती आता पाणी हवे असले तरी माझ्याकडे नुसती पाहत राही.

ठाण्याच्या वाचोपचारतज्ज्ञ आमच्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले की बोलणे गेले तरी ओळीने पाठ केलेल्या गोष्टी, म्हणजे अंक, वार, पाढे, कधीकधी आत शाबूत राहतात आणि आधी बाहेर येतात. त्या रोज ठरल्या वेळी, ओळखीच्या आवाजात ऐकवायच्या. पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे. निघताना त्या जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “एक तरी शब्द त्यांच्या मनाने आला पाहिजे, सर. आपण म्हणवून घेतलेला नाही. तो आला तर पुढे वाट आहे.” नाही आला तर काय, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

ओळखीचा आवाज आमच्या घरातच होता. आळीतल्या यंत्रमाग कामगारांची मुले संध्याकाळी तिच्याकडे शिकायला येत. घरी हिंदी, नाहीतर तेलुगू. मराठी पाढे त्यांच्या जिभेवर बसत नसत. म्हणून तिने स्वतःच्या आवाजात बे ते तीस पाढे कॅसेटवर भरले होते आणि त्यांच्या प्रती त्या मुलांना दिल्या होत्या. मूळ कॅसेट कपाटात होत्या. तिचाच आवाज तिला ऐकवायचा, असे मी ठरवले.

यासाठी टेपरेकॉर्डर का नाही, असे वाचक विचारील. मीही तो आधी वापरला. जुन्या फिती त्यात अडकत, दर अर्ध्या तासाने बाजू बदलावी लागे, आणि मी खाली शिकवणी घेत असताना वर कोणी नसे. शिवाय तिला तिच्या डाव्या हाताने करता येईल असे काहीतरी मला हवे होते. रिसीव्हरच्या रिमोटवर एक बटण असे ठरवून ठेवता येत होते की ते दाबले की पाढे सुरू व्हावेत. एक बटण, डावा अंगठा, आणि तिचा स्वतःचा निर्णय.

खालच्या खोलीतून वर केबल न्यायला स्लॅबला भोक पाडावे लागणार होते. ते काम आमच्या भिंतीपलीकडच्या कारखान्यातल्या जॉबरने केले. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा कारागीर. हा खारबावचा, मोठ्या मिशांचा, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याच्या दोन्ही मुली माझ्या पत्नीच्या हाताखाली शिकल्या होत्या. त्याने भोक पाडले, केबल ओढली, आणि स्पीकरच्या तारा जोडताना मी लाल तार लालला, काळी काळीला असे तीनदा सांगितल्यावर म्हणाला, “मास्तर, एकावन्न लूम हायत माझ्याकडं. दोन तारा जोडता येतील.”

खरे काम त्यानंतर सुरू झाले आणि ते मी एकट्याने केले. सर्व कॅसेट संगणकात उतरवल्या. त्या ऐकताना मला प्रथमच जाणवले की प्रत्येक पाढ्यामागे कारखाना चालू आहे. खटक-खटक, खटक-खटक, अखंड. आम्ही त्या भिंतीला टेकून इतकी वर्षे राहिलो होतो की तो आवाज आम्हाला ऐकूच येत नसे. आता ऐकू आला आणि मला तो चुकीसारखा वाटला. संगणकात असा आवाज पुसण्याची सोय असते: नुसत्या गोंगाटाचा छोटा तुकडा नमुना म्हणून दाखवायचा, मग यंत्र तो सगळीकडून वजा करते. मी प्रत्येक पाढ्यातून माग वजा केले. सुरुवातीचे खाकरणे, खुर्ची ओढणे, मधले बोलणे, सगळे कापले. पाढा पहिल्या अंकापासून सुरू होऊन शेवटच्या अंकाशी संपला पाहिजे, असा मी नियम केला. यात तीन आठवडे गेले. तीन महिन्यांतले तीन आठवडे. पण काम स्वच्छ झाले होते आणि मला त्याचे समाधान होते. तेच मला आज सर्वांत जड जाते.

वेळापत्रक भिंतीवर लावले. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच. पहिल्या दिवशी मी तिच्या हातात रिमोट दिला, अंगठा बटणावर ठेवला. पाढा सुरू झाला. तिने स्पीकरकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मान भिंतीकडे वळवली. मला वाटले, थकली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशीही तेच.

त्यात वीज. आमच्याकडे भारनियमनाची वेळ ठरलेली असली तरी वीज ती पाळत नसे. वीज परत आली की रिसीव्हर सर्वांत आधी जागा होई, इंटरनेटचा राउटर त्यानंतर आणि संगणक सर्वांत शेवटी. रिसीव्हर शोधायला निघे तेव्हा घरात त्याला उत्तर द्यायला कोणीच तयार नसे, आणि एकदा उत्तर मिळाले नाही की तो पुन्हा विचारीत नसे. आधी राउटर, मग संगणक, शेवटी रिसीव्हर, हा क्रम मला सापडेपर्यंत पंधरवडा गेला. त्या पंधरवड्यात एका दुपारी मी जिन्यातून पाहिले: ती स्वतःहून रिमोट उचलून बटण दाबत होती. एकदा, दोनदा, सहा-सात वेळा. काहीच वाजले नाही. तिने आपला अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि रिमोट उशीखाली सारला. मी धावत वर गेलो, अगं, तुझी चूक नाही, यंत्राची आहे, असे परोपरीने सांगितले. आपली बोटेही गेली, असे तिने मनाशी धरले होते, आणि माझे शब्द तिथे पोचत नव्हते. त्यानंतर तिने बटणाला हात लावला नाही. तीन घास खाऊन ती ओठ मिटू लागली.

मी क्रमाचा कागद भिंतीवर चिकटवला. त्याने यंत्र सुधारले. दोन महिने संपून गेले होते. तज्ज्ञ आल्या, त्यांनी चित्रे दाखवली, ओठांच्या हालचाली करून दाखवल्या आणि वहीत काहीच लिहिले नाही. त्या गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, “सहा एके?” मी पुन्हा विचारले, “सहा एके किती?” तिसऱ्यांदा मी ते मागच्या बाकावरच्या मुलावर ओरडावे तसे ओरडलो. तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही. आले असते तर बरे वाटले असते. ती फक्त अंग आक्रसून बसली, आणि मी खाली जाऊन शिकवणीच्या रिकाम्या खोलीत बाकावर डोके टेकून बसून राहिलो. तीस वर्षांत मी तिच्यावर असा कधी ओरडलो नव्हतो. आता ती उलट बोलू शकत नाही तेव्हा ओरडलो होतो.

जॉबर तिला बघायला आला तो एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत. पाच मिनिटे तो दाराशी उभा राहून वाजणारा पाढा ऐकत होता. मग त्याने मला जिन्यात बोलावले.

“कोनाचा आवाज हाय ह्यो?”

मी म्हणालो, तिचाच.

“न्हाय, मास्तर. बाईंचा न्हाय. कांजी निघालेल्या सुतावानी लागतो. हात लावला तर तुटल.” विणण्याआधी सुताला कांजी देतात, म्हणजे ते मागावर टिकते. मी त्याला सांगितले की मागचा गोंगाट काढला आहे. त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी कापडातून आडवा धागा उपसून काढला होता. “बाई लूमवर आवाज चढवून बोलायच्या. माझ्या पोरी अजून तशाच बोलतात, सासरी बोलणी खातात. लूम काढला तर बाई कुठं राहिल्या?”

मी खाली येऊन ते दोन्ही कानांनी ऐकले. खरे होते. गोंगाटाबरोबर तिच्या आवाजाचा खालचा, भरीव भाग वजा झाला होता. उरला होता तो डब्यातून आल्यासारखा, पाण्याखालचा कोणीतरी. ज्या बाईने आधीच स्वतःला गमावले होते तिला मी दिवसातून तीनदा एक परकी बाई ऐकवत होतो आणि ही तूच आहेस असे सांगत होतो.

संगणकातल्या मूळ प्रती मी जागा वाचवण्यासाठी पुसल्या होत्या, आणि कॅसेट पुन्हा उतरवायला दिवस लागले असते. एक राहिली होती: अगदी पहिल्यांदा, तारा बरोबर आहेत का हे पाहण्यासाठी उतरवलेली सहाच्या पाढ्याची. न कापलेली, न धुतलेली. तेवढीच मी बटणाला जोडली.

दुसरा दिवस शुक्रवार. भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी आळी इतकी शांत होते की नव्या माणसाला बरे वाटते आणि आम्हाला चुकल्यासारखे. तिच्या आजारपणात खिडकी आम्ही त्या एकाच दिवशी उघडी ठेवत असू. सकाळी वीज गेली, नऊच्या सुमारास आली. मी कागदाप्रमाणे आधी राउटर, मग संगणक, शेवटी रिसीव्हर चालू केला. उशीखालचा रिमोट काढून तिच्या पांघरुणावर ठेवला. तिने तो घेतला नाही. बटण मीच दाबले.

आधी माग आले. खोलीभर, दोन्ही स्पीकरांतून, खटक-खटक. तिने मान उचलली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि मग ती, चढ्या, खणखणीत स्वरात: “अहो, आधी ती खिडकी लावा. पोरांना काय ऐकू जाणार, कप्पाळ?” मग माझी पावले, कडी, आणि “सहा एके सहा.”

असले बोलणे मी इतर अठ्ठावीस पाढ्यांतून कापून टाकले होते.

तिची नजर स्पीकरवरून उघड्या खिडकीकडे गेली. बाहेर काहीच वाजत नव्हते; आत माग चालू होते. तिच्या कपाळाला आठी पडली, वर्गात गडबड झाली की पडायची तशी. ओठ एका बाजूला ओढले गेले. मी काही म्हणालो नाही. म्हणवून घ्यायचे नव्हते. पाढा “सहा सक छत्तीस”पर्यंत पोचला असेल.

“खि... खिडकी,” ती म्हणाली. मोठ्याने, मागांवर आवाज चढवून.

पाढा संपला. मी थांबून राहिलो. दुसरा शब्द आला नाही. त्या दिवशी तो आलाच नाही. ती अजून खिडकीकडेच पाहत होती आणि काम झाले नाही म्हणून रागावली होती. मी उठून खिडकी लावली, कडी घातली. परत वळलो तेव्हा रिमोट तिच्या डाव्या हातात होता आणि ती अंगठ्याने बटण शोधत होती.