वैदेहीची आखाजी

आक्का ‘मी लिहिलं’ असे कधी म्हणत नसत. शहाद्याच्या आमच्या साप्ताहिकात त्यांची प्रेमकथा दर शनिवारी क्रमशः छापून येई. नायिकेचे नाव वैदेही. मंगळवारी हस्तलिखित घेऊन आल्या की खुर्चीत बसण्याआधी त्या तिची खबर देत. “आज तिन्हं डोकं दुखी ऱ्हायनं, भाऊ. दोनच पानं बोलनी.” मी उपसंपादक होतो, मला चार पाने लागत. वैदेहीचे डोके दुखले की उरलेल्या जागेत बियाण्यांची जाहिरात जाई.

लेखिकेचे नाव छापायचे नाही, एवढीच त्यांची अट होती. त्या ब्राह्मणपुरीहून रिक्षाने येत. घरी सांगत, गुडघ्याला शेक घ्यायला जाते. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे गाव आबा म्हणे, शेतात गेले की त्या लांब वहीत लिहायला बसत. त्यांच्या मुलीने, कविताने, चार वर्षांपूर्वी दुसऱ्या समाजातल्या मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न केले होते. ती सुरतेला असे. त्या दिवसापासून आबांनी घरात तिचे नाव घेऊ दिले नव्हते. आक्का तिच्याशी मंगळवारी, आमच्या कचेरीच्या जिन्यात उभ्या राहून फोनवर बोलत. वैदेहीनेही स्वतःच्या मनाने लग्न केले होते आणि तिच्याही बापाने दार लावून घेतले होते. याबद्दल मी आक्कांना कधी काही विचारले नाही.

वैदेही प्रमाण मराठी बोले. प्रियकराला ती लिही ती पत्रे तर शाळेच्या निबंधासारखी असत. पण लग्नानंतर ती पहिल्यांदा एकटी बसून रडली, ते सगळे अहिराणीत. मी ते दुरुस्त करून प्रमाण केले. आक्कांनी प्रुफावर माझी दुरुस्ती खोडली. “प्रेम ती पुस्तकनी भाषामा करस. रडाले घरनीच भाषा लागस.” मी त्यांचे ऐकले. त्या आठवड्यात कचेरीत वाचकांचे फोन सारखे येत होते.

मग आखाजी जवळ आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि तो सासुरवाशिणींचा सण. माहेरचे कोणी तरी, बहुधा भाऊ, लेकीला आणायला जातो. तो मुऱ्हाळी. मुऱ्हाळी आल्याशिवाय पोर आपण होऊन निघत नाही. वाचक विचारू लागले, वैदेहीला आणायला कोण जाणार? एक बाई फोनवर म्हणाल्या, “तिना भाऊले जमत नशीन ते मन्हा मालकले धाडस. तसंही घरमा बशेल शे. पत्ता सांगा.”

एका मंगळवारी आबाच आले. ओट्यावर बसून अंक मोठ्याने वाचायचा, हा त्यांचा शनिवारचा नेम होता. लिहिणारी कोणी बाई आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. आक्का आतल्या खोलीत प्रूफ तपासत होत्या. आवाज ओळखून त्या आतच थांबल्या.

“साहेब, त्या बाईले सांगा, पोरले आखाजीले माहेर आना.”

“बाप तयार नाही, आबा.”

“बापले काय समजस? राग बापना ऱ्हास, आखाजी पोरनी ऱ्हास. त्याले म्हना, मुऱ्हाळी धाड, नहीते सोता जाय.”

ते गेल्यावर आक्का बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते, तरी मला म्हणाल्या, “काय बोलनात ते? जसंनं तसं लिखी द्या.” मी लिहून दिले.

त्या वर्षी आखाजी शनिवारीच आली. त्या दिवशीच्या प्रकरणात वैदेहीच्या बापाच्या तोंडी ‘राग बापना ऱ्हास, आखाजी पोरनी ऱ्हास’ हे आबांचे वाक्य होते, एकही शब्द न बदलता. भाऊ मुऱ्हाळी म्हणून गेला. वैदेही माहेरच्या अंगणात आली, तिथे प्रकरण संपले.

पुढचे आक्कांनी मला मंगळवारी सांगितले, क्रमाने, आवाज न चढवता. आबांनी ओट्यावर ते वाचले आणि डोळे पुसले. म्हणाले, “बाप असा जोयजे.” तेव्हा आक्कांनी त्यांना सांगितले की ती बाई मीच, शब्द तुमचे, आणि मी फोन करून बोलावले म्हणून कविता सुरतेहून निघून आता शहाद्याच्या स्टँडवर बसली आहे. तिला घ्यायला चला.

आबांनी अंकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “ती कागदवरनी पोर शे,” ते म्हणाले. “कागदले भाऊबंद नही ऱ्हातस.”

आक्का एकट्याच स्टँडवर गेल्या. डब्यात पुरणपोळ्या आणि आमरस होता. मायलेकी फलाटाच्या बाकावर जेवल्या. कविताने विचारले, “घर कव्हय जावानं?” आक्का म्हणाल्या, आधी जेव. दुपारच्या बसने कविता परत गेली.

हे सांगून झाल्यावर त्या उठल्या. हातात पिशवी होती, वही नव्हती. मी पुढच्या प्रकरणाचे विचारले.

“माले बापना सबद मिळनात, भाऊ. बाप नही मिळना. आते मी पुढे काय लिखू?”

शनिवारी आम्ही चौकट छापली: अपरिहार्य कारणामुळे कथामालिका स्थगित. आक्का नंतर कचेरीत आल्या नाहीत. त्यांचा फोन लागे, त्या तब्येत विचारत, पाऊसपाणी विचारत. वैदेहीची खबर मात्र देत नसत.

आषाढात आबा आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

“ती घरमा काही बोलस नही,” ते आक्कांबद्दल म्हणाले. “माले इचाराले तोंड नही. तुम्ही सांगा, वैदेही परत सासरले गयी का?”

मी फाइल काढून शेवटचा अंक त्यांच्यासमोर ठेवला. “नाही आबा. ती माहेरीच आहे.”

त्यांनी अंक उघडला नाही. त्यावर हात ठेवला.

“मंग ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “धाडू नका.”