रहीमोचा न हसणारा फोटो

मोरोक्कोतल्या तेतुआनच्या जुन्या शहरात गळ्यात कॅमेरा अडकवून शिरलेला पाहुणा तासाभरात मुफद्दलच्या फोटो स्टुडिओत येतोच. येतो तो रडकुंडीला येऊनच. कुणीतरी अंगावर ओरडलेलं असतं, नाहीतर डोंगरातून चीज विकायला येणाऱ्या बायकांनी गोंड्याच्या टोप्या नाकापर्यंत ओढून घेतलेल्या असतात. मग मुफद्दल पुदिन्याचा चहा पुढे ठेवतो आणि सुरू होतो.

"आधी सलाम कर. मग चीज घे, खा, छान आहे म्हण. कॅमेरा लपवू नकोस, चोर वाटतोस. भरदुपारी फिरू नकोस, पांढऱ्या भिंतींपुढे माणसं काळी ठिक्कर येतात. आणि बाई नको म्हणाली की नको! विषय संपला."

पाहुणे वहीत उतरवून घेतात. गल्लीत त्याचा रुबाब काय विचारता!

आणि या एवढ्या मोठ्या उस्तादाला स्वतःच्या बायकोचा एक फोटो जमेना.

रहीमोचं नाव यंदा हजच्या सोडतीत निघालं. अकरा वर्षं अर्ज करत होती बिचारी. मुफद्दलचं काही निघालं नाही, म्हणून ती भावाबरोबर जाणार होती. पासपोर्टला फोटो हवा, आणि त्यात हसायचं नाही असा नियम. दोन फोटो कचेरीतून परत आले. दोन्हींत बाई दात काढून हसतेय! उद्या दुपारपर्यंत तिसरा गेला नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

"मी समोरच्या बशीरकडे काढून येऊ का?" रहीमोने विचारलं.

"माझं नाक कापायला निघालीस? बस त्या स्टुलावर!"

ती बसली. त्याने एक डोळा मिटून दुसरा कॅमेऱ्याला लावला. ही फिस्सकन हसली.

"अगं, झालं काय एवढं?"

"अहो, डोळा मिटलात की तुमची जीभ बाहेर येते. लग्नापासून बघतेय."

"कुणाची? माझी?"

"नाहीतर काय खेचराची?"

मुफद्दलला हे फारच लागलं. तरी त्याने धीर सोडला नाही. पाहुण्यांना सांगायचा ते सगळं करून पाहिलं. चहा पाजला, गप्पांत गुंतवलं, कॅमेरा विसरायला लावला. ती चहा प्यायली, भावजयीच्या चहाड्या केल्या, आणि त्याने कॅमेऱ्याला डोळा लावताच पुन्हा खुदखुदली.

"सासूला आठव जरा," तो वैतागून म्हणाला.

"आठवली. अगंबाई, त्यांचीही जीभ अश्शीच बाहेर यायची!"

शेवटी त्याने तोंडावर रुमाल बांधला. त्या दरोडेखोराला बघून रहीमो स्टुलावरून पडायचीच राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "अकरा वर्षं थांबले हो मी. आणि या मेल्या हसण्यापायी सगळं जाणार. काय करू, आवरतच नाही!"

मुफद्दलने रुमाल सोडला. कॅमेरा तिकाटण्यावर होता, बटणावर बोट तसंच राहिलं होतं. आता त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

"जाशील गं तू, होईल काहीतरी," तो म्हणाला. "गर्दीत भावाचा हात सोडू नकोस. गोळ्या वेळेवर घे. माझं काय... महिनाभर मी या घरात बोलू कुणाशी?"

हे असं काही बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. रहीमो त्याच्याकडे बघतच राहिली. चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नाही. आणि चाळीस वर्षांची सवय, बोटाने आपलं आपण बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या पोराने फोटो एकदाच बघितला आणि शिक्का मारला. संध्याकाळी चहा घेताना रहीमोने हळूच विचारलं, "काल ते खरंच म्हणालात, की फोटोसाठी?"

"फोटोसाठीच," मुफद्दल म्हणाला, आणि भरलेल्या पेल्यात आणखी चहा ओतत राहिला. रहीमोने त्याच्या हातातली किटली काढून घेतली.